जुन्या अरबी कोशांत लाक्षणिक अर्थ वेगळा दाखवतात का? एकच कोश घ्यायचा तर कोणता?

दाखवतात, आणि एकच घ्यायचा तर जमख्शरीचा 'असास अल-बलागा' घ्या. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा कोश धातूच्या पहिल्या अक्षरावरून लावलेला आहे, त्यामुळे शोधायलाही सोपा. धातूखाली आधी सरळ अर्थाचे प्रयोग येतात. मग 'व मिन अल-मजाज', म्हणजे 'आणि लाक्षणिक वापरातले', असं म्हणून पुढचे. मजाजच्या उलट हकीका, म्हणजे सरळ अर्थ. आपल्याकडची 'हकीकत' तीच.

आता हे मी एवढ्या ठासून का सांगते ते ऐका. एम. ए.च्या प्रबंधात मी एक अख्खं प्रकरण असासवर लिहिलं होतं. चार महिने त्यात गेले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते प्रकरण उघडलंच नाही. म्हणाले, "कोशात शब्दांचे अर्थ असतात. मजाज समजून घ्यायचा तर जुर्जानी वाचा." मी मान डोलावली आणि गप्प बसले. आज इतकी वर्षं झाली, ते गप्प बसणं अजून डाचतं.

अलंकारशास्त्रावर लिहिणारा जुर्जानी मी वाचला होता. कुराणात म्हातारा पैगंबर जकरिया म्हणतो, 'इश्तअल अर्-रअ्सु शैबन', डोकं पांढऱ्या केसांनी पेटलं. पेटणं हे रूपक, असं सांगून बहुतेक जण पुढे जातात. अकराव्या शतकातला हा माणूस 'दलाइल अल-इजाज'मध्ये तिथेच थांबतो. 'डोक्यातले पांढरे केस पेटले' असं लिहून बघा, म्हणतो. रूपक तेच राहिलं, मग जोर कुठे गेला? 'घर आगीनं पेटलं' म्हटलं की आग घरभर पसरलेली दिसते. 'घरात आग पेटली' म्हटलं तर ती एका कोपऱ्यातही असू शकते. जोर शब्दात नाही, वाक्याच्या बांधणीत आहे.

आणि म्हणूनच असासमध्ये सुट्या शब्दापेक्षा वाक्प्रयोग भरलेत. हकीका आणि मजाज वेगळे करून दाखवणं हे या कोशाचं वैशिष्ट्य, असं जमख्शरी प्रस्तावनेतच सांगतो. याच जमख्शरीनं 'अल-कश्शाफ' या कुराणभाष्यात जुर्जानीचे विचार आयत-आयत लावून दाखवले. एकाच माणसानं दोन्ही कामं केली, तर कोश एकीकडे आणि अलंकारशास्त्र दुसरीकडे ही भिंत आली कुठून? कोशकाराला काव्य कळत नाही हा समज निव्वळ आळसातून आलेला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हो, एक सांगायचं राहिलं. अडलेल्या शब्दाचा अर्थ शोधायला असास पुरत नाही, काही धातू त्यात सुटलेले आहेत. त्यासाठी 1290 मध्ये पुरा झालेला 'लिसान अल-अरब' हा मोठा कोश जवळ हवाच. शिवाय मजाजची रेघ जमख्शरीनं जिथे ओढली तिथे ती सगळ्यांना मान्य नाही. धर्मशास्त्री इब्न तैमियाला तर ही विभागणीच मंजूर नव्हती. 'अक्कल'च घ्या. त्याच धातूतला 'इकाल' म्हणजे उंटाचा पाय बांधायची दोरी. कोशकार इब्न फारिस या धातूचा मूळ अर्थच 'अडवणं' असा देतो. मग बुद्धी हा लाक्षणिक अर्थ की मुळातलाच? यावर भांडायला भरपूर जागा आहे.

अरबी अजून कच्चं असेल तर लेनचा अरबी-इंग्रजी कोश बघा. आपल्याकडच्या बिलग्रामला जन्मलेल्या जबीदीनं असासमधल्या मजाजच्या नोंदी 'ताज अल-अरूस' या आपल्या कोशात घेतल्या, आणि लेननं ताजवरून काम केलं. लाक्षणिक अर्थापुढे तो कट्यारीची खूण (†, ‡) करतो. दुहेरी कट्यार म्हणजे अरबी कोशकारांनी सांगितलेलं, एकेरी म्हणजे लेनचा स्वतःचा अंदाज. ही दोन वेगळी धरा.

प्रबंधासाठी विचारत असाल तर तोंडी परीक्षेला असास बरोबर न्या. कोशात मजाज कुठला, असं कुणी म्हणालं तर प्रस्तावनेचं ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवा. मी माझी प्रत त्या दिवशी घरी ठेवून गेले होते.