३५ मिमी प्रोजेक्टरवर फिल्मला उभी रेघ पडते. दोष प्रिंटचा की मशीनचा?

विचारणाऱ्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: सांगलीजवळ वडिलांचं टॉकीज होतं, ते बंद पडलं. केबिनमधला ३५ मिमीचा प्रोजेक्टर भावंडांनी साफसूफ करून चालू केला आणि घरातलंच एक जुनं रंगीत रीळ लावलं. पहिल्या वेळी पडद्यावर उजवीकडे एक काळी उभी रेघ दिसली. दुसऱ्यांदा तेच रीळ लावलं तर तिच्या शेजारी एक हिरवी रेघही आली. मग खराब काय, प्रिंट की मशीन?

हिरवी रेघ मशीननेच पाडलीय. पहिल्या वेळी नव्हती आणि दुसऱ्या वेळी आली, यात शंकेला जागाच नाही. तिसऱ्यांदा रीळ लावू नका.

मी तंबूतला ऑपरेटर. मार्गशीर्षात म्हसवड, मग पुसेगाव, पौषात पाल, असा जत्रांमागून जत्रा करत मशीन फिरवलंय. माणदेशातली धूळ पिठासारखी असते, तंबूच्या कापडातून गाळून आत येते. त्यामुळे पडद्यावर 'पाऊस' पडायला लागला, म्हणजे उभ्या रेघा दिसायला लागल्या, की तो कुठून येतोय हे शोधणं हे आमचं रोजचंच काम होतं.

आधी रेघेचा रंग बघायचा. फिल्मला दोन बाजू. एक चकचकीत, ती नुसती प्लॅस्टिकची पट्टी. दुसरी जरा मंद, तिच्यावर चित्राचा थर, म्हणजे इमल्शन. ओळखता येत नसेल तर फिल्मचं टोक ओल्या ओठाला लावा, चिकटते ती इमल्शनची बाजू. चकचकीत बाजूला चरा पडला की तिथला उजेड विखुरतो आणि पडद्यावर काळी रेघ दिसते. इमल्शनला चरा पडला तर रंग खरवडला जातो. रंगीत प्रिंटमध्ये सगळ्यात वर किरमिजी थर, त्याखाली निळसर आणि तळाला पिवळा. वरचा थर गेला की रेघ हिरवी, दोन गेले की पिवळी, तिन्ही गेले की पांढरी. तुमची हिरवी आहे म्हणजे चरा अजून वरवरचा आहे. (प्रिंट जुनी होऊन सगळी गुलाबी पडली असेल तर या रंगांवर विसंबू नका. पण तुम्हाला हिरवं दिसतंय, म्हणजे रंग बऱ्यापैकी शाबूत आहेत.)

काळी रेघ पहिल्या वेळेपासून आहे, त्यामुळे ती वीस वर्षांपूर्वीचीही असू शकेल. ट्यूबलाइटखाली फिल्म तिरकी धरून बघा. चकचकीत बाजूवर चरा चमकताना दिसला तर तो याच प्रिंटवर पडलाय, मग कधी का पडेना. दोन्ही बाजू गुळगुळीत असून रेघ चित्रातच असेल तर ती मूळ निगेटिव्हवरून छापून आलीय, तिला कुणाचाच इलाज नाही. हिरवी मात्र ताजी आहे. ३५ मिमीत इमल्शन दिव्याकडे तोंड करून चालतं, म्हणजे गेटमध्ये (दिव्यासमोरच्या ज्या खिडकीतून फिल्म सरकते तिथे) दिव्याकडच्या अंगाने आणि बाकी वाटेत इमल्शनच्या बाजूला जे जे भाग येतात, तेवढेच संशयित.

गेटमध्ये शोधताना एक ध्यानात ठेवा. भिंग चित्र वर-खाली आणि डावं-उजवं, दोन्ही उलटं करतं. पडद्यावर रेघ उजवीकडे असेल तर दिव्यामागे पडद्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर ती डाव्या हाताला शोधायची. नवखी पोरं दिवसभर चुकीच्या बाजूला घासत बसायची.

आता खरी परीक्षा. कामातून गेलेली तीस-एक फूट फिल्म घ्या, काळी असेल तर उत्तम, चरे नकोत. वरच्या स्पूलपासून खालच्या स्पूलपर्यंत नेहमीसारखी घाला, दिवा बंद ठेवा आणि मोटर दहा सेकंद चालवा. सेकंदाला २४ फ्रेम आणि फुटाला १६ फ्रेम, म्हणजे पंधरा फूट फिल्म निघून जाते. थांबवा आणि फिल्म बाहेर न काढता जाड पेनने तिच्यावर आकडे टाका: वरच्या रोलरपाशी १, वरच्या स्प्रॉकेटला (फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाला) २, गेटच्या तोंडाशी ३, गेटखाली ४, साउंड ड्रमला (आवाज वाचला जातो त्या गोल रोलरला) ५, खालच्या स्प्रॉकेटला ६, खालच्या पेटीच्या रोलरला ७. मग फिल्म अलगद काढून १ पासून पुढे तिरक्या उजेडात बघत जा. जिथपर्यंत फिल्म स्वच्छ आहे, तिथपर्यंत ती चोराच्या हाताखालून गेलेलीच नाही. ज्या आकड्यापाशी रेघ सुरू होते, चोर तिथेच.

बहुतेक वेळा तो अडकलेला रोलरच असतो. एकदा म्हसवडला नवी प्रिंट होती आणि तिसऱ्या खेळाला हिरवी रेघ आली. मालक म्हणाले, प्रिंटच तसली पाठवलीय. मीही मान डोलावली, कारण संध्याकाळीच सगळे रोलर बोटाने फिरवून बघितले होते, छान फिरत होते. रात्री दीडला शेवटचा खेळ सुटल्यावर प्रत्येक रोलरच्या कडेला खडूचा ठिपका दिला आणि टाकाऊ फिल्म चालवली. खालच्या पेटीच्या तोंडाशी असलेल्या रोलरचा ठिपका जागचा हलेना. बोटाने फिरायचा, पण फिल्मचा ताण आला की थांबायचा. आत तेल आणि धूळ मिळून पेंड झाली होती. फिल्म त्याच्यावरून घासत जाऊन एका अंगाला नखाएवढा सपाट भाग तयार झाला होता, आणि त्याला इतकी धार होती की बोट फिरवलं तर कातडी सोलली जावी. अशा रोलरचा मधला भाग खोलगट असतो, म्हणजे फिल्म नुसत्या कडांवर टेकावी. कडा झिजल्या की चित्र मध्ये टेकतं. प्रिंट परत गेली तेव्हा वितरकाच्या माणसाने रीळ उघडून बघितलं आणि पैसे कापले. मालकांनी ते माझ्या पगारातून वळते केले, आणि ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

रोलर तसा सपाट झाला असेल तर कानस लावून गोल करत बसू नका, बदला. नुसता जाम असेल तर काढून पेट्रोलने धुवा, पुसा आणि तेलाचा एकच थेंब टाका. जास्तीचं तेल फिल्मवर जातं आणि धूळ धरतं.

रेघ ३ आणि ४ च्या मध्ये सुरू होत असेल तर गेट उघडा. फिल्म ज्यांच्यावरून सरकते त्या दोन्ही पट्ट्यांवर इमल्शनचा कडक पापुद्रा साचलेला असेल. तो बांबूच्या काडीने किंवा पितळी पट्टीने काढायचा, ब्लेड किंवा स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. पोलादाचा एक ओरखडा पट्टीवर पडला की पुढच्या प्रत्येक रिळाला त्याची आठवण राहते. गेटचा दाब चित्र हलणार नाही इतकाच हवा. वरचा लूप, म्हणजे गेटच्या वर फिल्मला ठेवलेला सैल वळसा, फार मोठा ठेवलात तर तोही मशीनच्या अंगाला घासतो, आणि ही चूक सगळ्यात सोपी असल्यामुळेच सगळ्यात शेवटी लक्षात येते.

सलग रेघेऐवजी दर चौथ्या फ्रेमला एकच ठिपका येत असेल तर सोळा दात्यांचं एखादं स्प्रॉकेट तपासा, कारण त्याचा एक फेरा म्हणजे बरोबर चार फ्रेम. आणि बारीक, तुटक, पुष्कळशा रेघा असतील तर मशीनला शिव्या देऊ नका. कुणीतरी सैल गुंडाळलेलं रीळ टोक धरून ओढून घट्ट केलंय. ओढताना एक वेढा दुसऱ्यावर घासतो आणि मधली धूळ कानसीचं काम करते.

घरातली बाकी रिळं लावण्याआधी एवढं करा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते रीळ वेगळं ठेवा, फिल्मचं ॲसिटेट (तिच्या पट्टीचं प्लॅस्टिक) सडायला लागलंय. पन्नासच्या दशकाआधीचं काळं-पांढरं काही सापडलं आणि फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं नसेल तर ते दिव्याजवळ नेऊच नका, नायट्रेट (जुन्या काळची ज्वलनशील फिल्म) असू शकेल आणि नायट्रेट पेटलं तर विझत नाही. अशी रिळं निघाली तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. आणि परीक्षेत रेघ कितव्या आकड्याला सुरू झाली ते इथं लिहा, पुढचं त्यावर सांगतो.