गणपती मुंबईतच बसवला तर काय बिघडतं? गावी गेल्याने खरंच घर एकत्र येतं का?

हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाने २०१८ साली विचारला होता आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय. त्याचं म्हणणं, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, हायवेची अवस्था बघ, दीड दिवसाचा डोंबिवलीत फ्लॅटवर बसवतो, देव काय सगळीकडे सारखाच. देव सारखाच, मान्य. पण डोंबिवलीत त्याच्याकडे मूर्ती रिक्षातून आली, मखर विकत आणलं, मोदक ऑर्डर केले. माणसं लागली कुठे?

आमचं घर सिंधुदुर्गात, कुडाळकडे. बाबांची आणि काकांची चूल वेगळी, घराला मधे भिंत, पण गणपती एकच, एक वर्ष आमची पाळी एक वर्ष त्यांची. जमिनीच्या मोजणीवरून दोघांचं सात वर्षं बोलणं बंद. आमच्या पाळीला काका आरतीला यायचे, दाराशी उभे राहायचे, प्रसाद हातावर घेऊन निघायचे. त्या वर्षी पाळी आमची, बाबांच्या पायाचं ऑपरेशन झालेलं, दादा आलाच नाही, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांची लाकडी चौकट, बांधायला मी एकटा. न बोलावता काका आले, हातात कोयती आणि पोफळीचं शिपटं, म्हणजे सुपारीचा घड. मी खालून कवंडळं, हरणं, शेरवडं अशी रानफळं-फुलं, आंब्याच्या डहाळ्या देत होतो आणि ते वर चढून एकेक बांधत होते. बाबा खाटेवरून गप्प बघत होते. तवसं, म्हणजे मोठी काकडी, मधोमध बांधायला घेतल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही, "रे, तवसा मधी नको, कडेक बांध, गेल्या टायमाक सुटान पडला होता." काका मागे न बघता म्हणाले, "माका म्हायत हा." सात वर्षांत एवढंच बोलणं झालं, पण आई स्वयंपाकघरातून हात न धुताच बाहेर आली होती.

मूर्तीसाठी पाट महिनाभर आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, दिलेला असतो, त्याच पाटावर मूर्ती घडवतात, आणि मातीची ती मूर्ती डोक्यावरून आणायची. पाऊस कोसळत होता, ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, शेवाळलेला. काकांनी गणपती डोक्यावर घेतला, मी मागून छत्री धरली. रात्री वाडीतल्या बारा घरी आरत्या, शेवटी आमच्याकडे भजन, मृदंगावर काका, आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन लोक उठले तेव्हा दोन वाजले होते.

तर माझं स्पष्ट मत असं की सण नुसता साजरा करून कोणी जवळ येत नाही, एकट्याने होणार नाही असं काम असलं की येतं. टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक गणपतीला बळ दिलं तेही लोकांनी एकत्र यावं म्हणून, आणि आता मंडळात वर्गणी देऊन डीजेसमोर तासभर उभं राहण्याला लोक एकोपा म्हणतात, मला ते पटत नाही.

मोजणीचा वाद मिटलेला नाही हेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल गणपतीने सगळं गोड केलं. आणि हा एकोपा बायकांच्या कंबरड्यावर उभा असतो, पहाटे चारला त्या उठतात, तेव्हा जाणार असाल तर नारळ खोवायला पुरुषांनीही बसावं. कोणाला सुट्टीच मिळत नसेल, घरात म्हातारं माणूस आजारी असेल, तर जिथे आहात तिथे बसवा, त्यात पाप नाही. पण सुट्टी आहे, गाव आहे, पाळीचा गणपती आहे आणि तरी फक्त तिकिटाचा कंटाळा, हे कारण मी ऐकून घेणार नाही. आता रेल्वेचं आरक्षण १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला मोबाईल घेऊन बसा, नाही मिळालं तर गणपती स्पेशल, नाहीतर एसटीच्या जादा गाड्या असतात.

तिकिटाचा कंटाळा हे कारण नाही, हे दादालाही मी तेव्हा म्हटलं होतं. तो म्हणतो मुलांना गावात करमत नाही. पोरांच्या हातात टाळ देऊन तर बघ, आणि एकदा साकवावर काकांच्या मागे छत्री धरायला त्यांना उभं कर. काका आता सत्तरीला आलेत, पुढच्या पाळीला मूर्ती त्यांच्या डोक्यावर देता येणार नाही.