मोटर न्यूरॉन आजाराचे जैविक प्रकार ओळखून पेशंटला काय उपयोग?

रक्त, जनुकं वगैरेंवरून या आजाराचे पोटप्रकार ओळखता येतात का, आणि औषधच नसेल तर ओळखून उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न शब्दशः माझ्या थोरल्या काकांचा आहे, म्हणून लिहायला बसले.

२०१६मध्ये बाबांना कुलपात किल्ली फिरवता येईना. अंगठा आणि तर्जनीच्या मधला भाग खोल गेला होता आणि दंडाच्या कातडीखाली स्नायू सारखा फडफडायचा. मानेचा मणका समजून सात महिने ट्रॅक्शन झालं. मग ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विजेच्या हालचालीची तपासणी, आणि निदान एएलएस. हा मोटर न्यूरॉन आजाराचाच नेहमीचा प्रकार; स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी यात मरत जातात. आत्या चाळिशीतच ‘लकवा’ होऊन गेलेली. मी म्हटलं, बाबांची जनुकं तपासू. काका म्हणाले, “औषध नाही, मग कशाला? उद्या मुलींची लग्नं अडतील.” बाबा काही बोलले नाहीत आणि तपासणी राहिली. २०१८मध्ये ते गेले.

एसओडी१ या जनुकाचा एएलएसशी संबंध १९९३मध्येच सापडला होता, सी९ओआरएफ७२ या दुसऱ्या जनुकाचा २०११मध्ये. एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेत टोफर्सन या औषधाला मंजुरी मिळाली, पण फक्त एसओडी१ जनुकात बिघाड असलेल्यांसाठी. बाबा त्यांच्यातले होते का? आता कळायला मार्ग नाही. आज मी स्वतःची तपासणी केली आणि ती निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होता येत नाही. घरातला बिघाड माझ्यात उतरला नाही, की तो या चाचणीत दिसणाराच नव्हता, हे ठरवायला आजारी माणसाचा रिपोर्ट लागतो. म्हणून माणूस आहे तोवर रक्त द्या, निदान डीएनए साठवून ठेवा. जनुकीय समुपदेशकाला आधी भेटा. घरात कुणालाच आजार नसला तरी विचारा, कारण तशा काही पेशंटमध्येही जनुकाचा बिघाड निघतो.

जनुकापलीकडचे प्रकार अजून संशोधनातच आहेत. २०१९मध्ये मृत पेशंटच्या मेंदूतल्या आरएनएवरून (कोणती जनुकं किती काम करतात ते दाखवणारे रेणू) तीन गट पाडले होते, पण जिवंत माणसाचा मेंदू असा काढून तपासता येत नाही. रक्तातलं न्यूरोफिलामेंट, म्हणजे चेतापेशी खराब होताना बाहेर पडणारं प्रथिन, आजाराचा वेग सांगतं, प्रकार नाही.

हेही सांगायला हवं, की एसओडी१वाले शंभर पेशंटमध्ये जेमतेम दोन. टोफर्सन पाठीच्या कण्यातून द्यावं लागतं आणि औषधाच्या मुख्य चाचणीत २८ आठवड्यांत हालचालींत ठोस फरक दिसला नव्हता. न्यूरोफिलामेंट मात्र उतरलं, त्यावरच मंजुरी मिळाली.

आणि लग्नांचं म्हणाल, तर आम्हा तिघी बहिणींची झाली. तिन्ही घरी बाबांचा आजार आणि आत्याचं जाणं आधी सांगून.