पहिल्यांदा लोकसभेला मतदान करताना काय वाटलं? एका मताने खरंच काही फरक पडतो का?

मी २०२४ ला पहिल्यांदा मतदान केलं, सातारा मतदारसंघात, ७ मे ला. तुम्ही विचारलंय की पहिल्या वेळी भारी वगैरे वाटलं का आणि आपल्या एका मताने काही होतं का. भारी वाटलं, साधारण सात सेकंद. एका मताचं नंतर सांगते कारण त्यात मधे माझी आजी येते.

आधी मतदार यादीत नाव लावायचं सांगते, कारण तुम्हीही पहिल्यांदाच करणार असाल तर खरी कटकट तिथेच आहे. मी पुण्यात शिकते, होस्टेलच्या पत्त्यावरही नाव लावता येतं, पण मी गावचाच पत्ता दिला, कोरेगाव तालुका. फॉर्म ६ ऑनलाईन भरला, फोटो ब्लर म्हणून रिजेक्ट झाला, परत भरला, मग आमच्या अंगणवाडीच्या ताई ज्या बीएलओ (म्हणजे बूथची मतदार यादी बघणाऱ्या) पण आहेत त्या घरी येऊन पप्पांना विचारून गेल्या की पोरगी इथलीच ना. ह्याच ताईंच्या हातची खिचडी खाऊन मी मोठी झालेय, पण नियम म्हणजे नियम. कार्ड घरी आलं तरी निर्धास्त राहू नका, यादीत नाव आहे का ते बघा, नाव असेल तर कार्डाऐवजी आधार, पॅन, लायसन काहीही चालतं, आणि यादीत नसेल तर कार्ड नुसतं पाकिटात ठेवायला. आणि आता १ जानेवारीचीच वाट बघावी लागत नाही, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या १ तारखेला १८ पूर्ण होत असतील तरी नाव लागतं.

बरं. मला वाटत होतं मी खूप तयारीने चाललेय. जाहीरनामे वाचलेले (म्हणजे चाळलेले, खोटं कशाला बोलू), रूमवर रात्री दोन दोन वाजेपर्यंत वाद घातलेले, बेरोजगारी, पेपरफुटी, आरक्षण, सगळं. आणि घरी आजी, वय ८१, जी म्हणाली की "मला काय वाचायचंय, घड्याळ दाबायचं नि यायचं."

इथे साताऱ्याचं थोडं सांगावं लागेल. उदयनराजे मे २०१९ मध्ये घड्याळावर, म्हणजे राष्ट्रवादीच्या चिन्हावर निवडून आले, काही महिन्यांतच राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत पडले आणि श्रीनिवास पाटील निवडून आले. ती शरद पवारांची पावसातली सभा, १८ ऑक्टोबरची, ती ह्याच निवडणुकीची. मी तेव्हा नववीत होते आणि तो व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर एका रात्रीत अकरा वेळा आलेला. मग २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली, फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने नाव आणि घड्याळ अजित पवारांना दिलं, आणि शरद पवारांच्या पक्षाला मिळालं "तुतारी वाजवणारा माणूस". आता गंमत बघा, महायुतीत साताऱ्याची जागा भाजपला गेली. म्हणजे एकीकडे कमळावर उदयनराजे, दुसरीकडे तुतारीवाल्या माणसावर शशिकांत शिंदे, आणि घड्याळ मशीनवर कुठेच नाही!

हे आजीला सांगितलं तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मीच ते कुठेतरी ठेवून विसरलेय. "आगं पर घड्याळ कुटं गेलं?" ह्याचं उत्तर द्यायला मला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं असतं. तशी ती बदलाला घाबरणारी नाही, यशवंतराव चव्हाणांच्या काळात बैलजोडीवर शिक्का मारलाय तिने, मग गायवासरू, मग हात, मग घड्याळ. (आमच्याकडे अजूनही "कुणावर शिक्का मारला" असंच विचारतात.) पण बैलजोडी आणि हात यात कुणाचा गोंधळ होणार? ह्या वेळी भानगड वेगळीच होती. एका अपक्षाला चिन्ह मिळालेलं ट्रम्पेट, आणि आयोगाच्या मराठी यादीत त्याचं नाव काय, तर तुतारी. लोक त्याला पिपाणी म्हणायला लागले पण मशीनवर "पिपाणी" असं लिहिलेलं थोडीच असतं, तिथे नुसतं चित्र.

म्हणून ६ तारखेच्या रात्री मी कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानामागे आजीला दोन चित्रं काढून दिली. एकीकडे धोतर-फेटावाला माणूस आणि त्याच्या तोंडाला वाकडी मोठी तुतारी, दुसरीकडे नुसतंच वाद्य, लग्नात बँडवाल्याकडे असतं तसलं. माझी चित्रकला भयानक आहे, माणूस भाला घेतल्यासारखा दिसत होता. आजीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "मंजे माणूस आसंल ती तुतारी." मी म्हटलं हां, बरोब्बर, मला एकदम शिक्षिका झाल्यासारखं वाटलं. तिने कुणाला द्यावं हे मी सांगितलं नाही हां, ते तिचं आधीच ठरलेलं होतं. माझं काय ठरलेलं ते मी घरीही सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

सकाळी साडेसातला शाळेत. माझीच शाळा, चौथीपर्यंतची, त्याच वर्गात बूथ, भिंतीवर अजून बाराखडीचा तक्ता. बाहेर जत्रेला आलेले मुंबईकर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मोबाईल आत न्यायचा नाही म्हणून माझा पप्पांकडे दिलेला. आजीला खरं तर घरूनच मतदान करता आलं असतं, आधी ८० च्या पुढे ती सोय होती, ती ह्याच निवडणुकीच्या तोंडावर मार्चमध्ये ८५ केली, तर आमची म्हातारी बरोब्बर मधेच अडकली. पण तिला यायचंच होतं, नवीन इरकल नेसून आली होती.

आत पहिल्या साहेबांनी नाव मोठ्याने वाचलं, पोलिंग एजंट म्हणून बसलेल्या आमच्या शेजारच्या काकांनी मान डोलावली, दुसऱ्यांनी सही घेऊन डाव्या तर्जनीला शाई लावली, तिसऱ्यांनी चिठ्ठी घेऊन मशीनचं बटण दाबलं आणि म्हणाले जा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्यावर मला एकदम रिकामं वाटलं. तिथे बेरोजगारी नव्हती, पेपरफुटी नव्हती, दोन वाजेपर्यंतचे वाद नव्हते, फक्त नावं, छोटे छोटे फोटो आणि चित्रं. बटण दाबलं, लाल दिवा लागला, शेजारच्या पेटीत काचेमागे चिठ्ठी दिसली, सात सेकंद दिसते ती, आणि लांबलचक बीप. ती सात सेकंदं खरंच भारी होती, छातीत धडधडत होतं. मग चिठ्ठी तुटून खाली पडली आणि मी बाहेर.

आजी माझ्या मागे होती. साहेबांनी विचारलं आजी नीट दिसतंय ना, कारण दिसत नसेल तर घरचं कुणी १८ च्या वरचं सोबत जाऊ शकतं, आणि मी होतेच तिथे दारात. तर ही म्हणते, "दिसतंय की, आंधळी हाय व्हय मी?" आणि गेली एकटी. गेली ती गेलीच. बीप काही वाजेना. मागच्या रांगेत कुजबूज सुरू. मला घाम फुटला. मग एकदाचा वाजला.

बाहेर पडल्यावर म्हणाली, "दाबली तुतारी."

मी हळूच विचारलं, माणूस होता ना?

"माणूस? सगळ्यास्नीच माणसं हुती की. वळीनं फोटू हुते."

उमेदवारांचे फोटो! ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढी तयारी करून गेले आणि जी चौथीतल्या पोरालाही सुचली असती ती गोष्ट सांगायची राहिली.

४ जूनला निकाल लागला तेव्हा मी पुण्यात होते. उदयनराजे ३२,७७१ मतांनी निवडून आले. पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं. आता ह्यातली किती चुकून पडलेली ते कुणीच सिद्ध करू शकत नाही, त्या उमेदवाराला मनापासून देणारेही असतील, हरलेली बाजू बोलणारच. पण तिकडे दिंडोरीतही पिपाणीवाल्या एका अपक्षाला एक लाखाच्या वर मतं पडली, त्याचं तर आडनावही निवडून आलेल्या उमेदवाराशी जुळत होतं, भगरे. हे आकडे बघताना मला पुठ्ठ्याआड थांबलेली आजीच दिसत होती.

तर तुमचा प्रश्न, एका मताचा. मुंबई उत्तर पश्चिममध्ये ४८ मतांनी निकाल लागला, फक्त ४८, ते उदाहरण सगळे देतात, पण तसं क्वचित होतं. माझ्या मताने साताऱ्यात काही हललं नाही, हे सरळ गणित आहे. फक्त मी समजत होते की माझं मत अभ्यास केलेलं आणि आजीचं सवयीचं, ते त्या दिवसापासून बोलणं बंद केलंय. पाच वर्षांत माणसाने पक्ष बदलला, पक्ष फुटला, चिन्ह गेलं, त्यामुळे त्या मशीनसमोर ती माझ्याइतकीच नवीन होती. पप्पांनी १९८९ ला पहिलं मतदान केलं, वय २१ वरून १८ झालं त्याच वर्षी, ते म्हणतात त्यांना कागदाची घडी चुकून शाई दुसरीकडे उमटेल एवढीच भीती होती.

नोव्हेंबरात विधानसभेला परत गावी गेले. गेटवर हवालदाराने आजीला थांबवलं, हातात काय आहे म्हणून. तर कालनिर्णयचं तेच पान, सहा महिने जपून ठेवलेलं, चार घड्या घालून. चिन्हाचा कागद आत नेता येत नाही म्हणून त्याने ठेवून घेतला. आजी त्याला म्हणाली, "परत दे हां, नातीनं काढलंय."