लेप्रेकॉन: लघु की लांडगा?

लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांतला, सोन्याचा हंडा राखणारा चिमुकला जीव. त्याच्याबद्दल प्रश्न दोन आहेत: 'लेप्रेकॉन'मधला 'लेप्र' हा 'लेप्रसी'तलाच (म्हणजे कुष्ठरोगातलाच) का, आणि मराठी अनुवादात त्याला 'बुटका' म्हटलेलं चालेल का?

पहिल्याचं उत्तर, नाही. लेप्रसीचं मूळ ग्रीक आहे, खवल्यांशी नातं सांगणारं. आयर्लंडच्या या जोडे शिवणाऱ्या चिमुकल्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

तिथल्या लोकांनी या नावाची फोड 'अर्धा जोडा' अशी केली. आयरिशमध्ये जोडीतल्या एकाच वस्तूला 'अर्धी' म्हणतात; एका डोळ्याला, एका हातालाही 'अर्धा'च. गोष्टीतला लेप्रेकॉन कायम एकाच पायाचा जोडा ठोकत बसलेला असतो, त्यामुळे फोड चपखल बसते. पण ती मागाहून जुळवलेली.

जुनं रूप साधारण 'लुखोरपान'. आठव्या शतकाच्या सुमाराच्या एका कथेत ही मंडळी समुद्रकाठी झोपलेल्या अल्स्टरच्या फर्गस राजाला उचलून पाण्यात नेतात. गार पाणी पायाला लागताच तो जागा होतो, तिघांना पकडतो, आणि सुटकेच्या बदल्यात पाण्याखाली पोहण्याची विद्या मिळवतो. यात ना जोडा, ना सोन्याचा हंडा! मला तर कोकणातला, माणसाला पाण्यात ओढणारा गिऱ्हाच आठवला.

या 'लुखोरपान'ची रूढ व्युत्पत्ती 'लू' म्हणजे लहान आणि 'कोर्प' म्हणजे देह. हा 'लू' आपल्या 'लघु'चा सख्खा भाऊबंद. 'कोर्प' लॅटिनमधून आलेला. लघुदेही! मी बरीच वर्षं हे कौतुकाने सांगत आलो. मग 2019 मध्ये केंब्रिज आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या जुन्या आयरिशच्या कोशकारांनी वेगळंच मांडलं. शब्द रोमच्या 'लुपेर्की'वरून आला, म्हणजे फेब्रुवारीतल्या लुपरकालिया उत्सवात धावणाऱ्या तरुणांच्या टोळीवरून. 'लुपेर्की'त लॅटिन 'लुपुस', म्हणजे लांडगा, दडलेला मानतात. 'लुपुस' हा संस्कृत 'वृक'चा नातलग, तेव्हा लघु गेला तरी घरचं कुणीतरी उरलंच.

आता 'बुटका'. नको. एक तर 'लहान' हा अर्थच वादात सापडलाय. शिवाय तळघरातली दारू ढोसणारा 'क्लुरिकॉन' भेटला की त्यालाही बुटकाच म्हणावं लागेल. मग 'यक्ष' म्हणावं? तो धनाचा राखणदार खरा, पण कुबेराच्या दरबारातला. तो जोडे कशाला शिवेल? 'लेप्रेकॉन'च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'वीतभर उंचीचा' एवढं जोडा.