मतं चार, परिच्छेद एक

प्रश्न : आम्ही काही जण महिन्यातून एकदा ठाण्यात तलावपाळीजवळ एकाच्या घरी जमतो आणि आपापल्या कथा वाचून दाखवतो. माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते. त्यांच्यावर मी कथा लिहिली आहे, सांगणारी दहा वर्षांची मुलगी आहे. वाचन संपल्यावर एक जण म्हणाले, माहिती कापा, लेख वाटतो. दुसऱ्या म्हणाल्या, बाजार दिसतच नाही, आणखी लिहा. तिसऱ्यांना मुलगी वयापेक्षा फार शहाणी वाटली आणि चौथ्यांना वडिलांची बोली खटकली. सगळ्यांचं ऐकून पुन्हा लिहिलं, तर कथा कुणाचीच राहिली नाही. ऐकायचं तरी कुणाचं? दोन्ही खर्डे पाठवते आहे.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दोन्ही खर्डे वाचले. दुसरा बाजूला ठेवा आणि पहिल्यावर काम करा, त्यात जीव आहे.

तुमच्या मंडळींनी औषधं वेगवेगळी सांगितली, पण पहिल्या तिघांचं बोट एकाच परिच्छेदावर आहे. ‘बाबा पहाटे मार्केटात पोचायचे’ असा तो सुरू होतो. तिथपर्यंत सगळं मुलगी पाहते आहे : बापाच्या खिशातून निघणारी कांद्याची सालं, मानेवर टणक झालेली कातडी, आईने काढून ठेवलेलं अंघोळीचं पाणी. आणि मग एकाएकी हमाली, तोलाई, वाराई ही मजुरीची नावं येतात, १९६९चा माथाडी कायदा येतो, १९८१ साली हा बाजार मुंबईतून इकडे आला तेही येतं. सगळं खरं आहे. पण ते तुम्हाला ठाऊक आहे, तिला नाही. मुलगी तिथून उठून गेली आणि तिच्या जागी तुम्ही येऊन बसलात. म्हणून एकाला तो लेख वाटला. बाजार दिसेना, कारण पाहणारं कुणी उरलंच नव्हतं. आणि मुलगी शहाणी वाटली ती याच चार ओळींमुळे, एरवी ती अगदी तिच्या वयाची आहे.

दुसऱ्या खर्ड्यात तुम्ही एकाच्या सांगण्यावरून माहिती कापलीत आणि दुसरीच्या सांगण्यावरून गाळ्यांचं वर्णन वाढवलंत. नजरेचा प्रश्न तसाच राहिला.

मी तुमच्या जागी असते तर तिला एकदा बाजारात पाठवलं असतं. शाळेला सुट्टी आहे, बाप डबा विसरला आहे, एवढं पुरे. ट्रकच्या फाळक्याशी पाठ लावून माणसं पन्नास-पन्नास किलोची गोण घेतायत. गोणीखाली वाकलेल्या माणसाचे फक्त पाय दिसतात, आणि त्यांतले आपल्या बापाचे कुठले हे तिला चटकन कळत नाही. हे ती पाहू शकते. तोलाई-वाराईचे शब्द गाळ्यावरच्या कुणाच्या तरी तोंडून तिच्या कानावर पडू देत, अर्थ न कळता. आणि कायद्याचा धागा हवाच असेल, तर माथाडी मंडळाचं ओळखपत्र आई तांदळाच्या डब्यात का जपून ठेवते, हा प्रश्न मुलीला पडू दे. उत्तर देऊ नका.

चौथ्यांचं मत मात्र मी मानणार नाही. पाटण तालुक्यातून आलेला माणूस ‘आज लई गाड्या आल्त्या गं’ असंच म्हणेल. त्याला प्रमाण मराठी बोलायला लावलंत तर तो घरातून निघून जाईल. तरीही त्यांना काहीतरी खटकलं ते खरं, आणि त्याचं कारण पुढच्या पानावर सापडलं : तिथे हेच बाबा ‘मला फार थकल्यासारखं वाटतंय’ असं म्हणतात. बोली राखा, पण शेवटपर्यंत राखा.

आता तुमच्या बैठकीविषयी. वाचण्याआधी तुम्ही ‘ही माझ्या वडिलांची गोष्ट आहे’ असं सांगितलं होतं का? तसं असेल तर पुढच्या वेळी ते टाळा. मग लोक कथेशी बोलत नाहीत, तुमच्या वडिलांना मान देतात, आणि तो देणं त्यांना भागच असतं. दुसरं, स्वतः वाचू नका. दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि तुम्ही हातात पेन्सिल घेऊन बसा. आपला आवाज आपल्या वाक्यांची लाज राखतो. परक्या तोंडी ती उघडी पडतात, आणि वाचणारा कुठे अडखळतो हे कुठल्याही अभिप्रायापेक्षा जास्त सांगतं. मग ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. ‘काय घडलं, ते तुमच्या शब्दांत सांगा’ एवढंच विचारा. ज्या ठिकाणी दोघांनी दोन वेगळ्या घटना सांगितल्या, तिथे खूण करा. सुचवण्या वहीत लिहून घ्या, पण त्याच आठवड्यात कथेला हात लावू नका.

प्रश्न : कथेत नवी मुंबईतले सेक्टरचे आकडे लिहावेत का? आमच्या गटात म्हणतात, रुक्ष वाटतं.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : पात्र कोण आहे त्यावर ठरवा. सिडकोच्या घरात वाढलेला मुलगा मित्राला ‘सेक्टर दहाला ये’ असंच सांगेल. गावठाणातली आगरी आजी त्याच वाटेला आकडा लावणार नाही. तिथे पूर्वी कुणाचं शेत होतं, कुठला बांध होता, त्यावरून ती पत्ता सांगेल. दोघांना एकाच कथेत, एकाच रिक्षात बसवून बघा आणि रिक्षावाल्याला रस्ता दोघांनाही सांगू द्या.