जुन्या लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी टाकूनही स्पीड निम्माच येतो. ड्राइव्ह खराब आहे का? परत करू का?

परत करू नका. आणि त्या दुकानदाराच्या सांगण्यावरून नवा लॅपटॉप तर मुळीच घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप दुसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हचा आहे, एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी छापलंय, टेस्टमध्ये २६५ च्या वर आकडा जात नाही, मधूनच मशीन अर्धा मिनिट अडकतं, आणि दुकानदार म्हणतो, "मशीनच म्हातारं झालंय, आता नवीन बघा." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. २०१९ साली हेच वाक्य मी ऐकलंय, आणि ते खोटं होतं हे स्वतःच्या हाताने स्क्रू काढून पाहिलंय.

आधी तुमचा आकडा. २६५ म्हटल्यावर बरंचसं कळतं. ते ड्राइव्हचं नाही, वाटेचं माप आहे. सॅटा म्हणजे ड्राइव्ह आणि बोर्ड जोडणारी वाट, आणि सॅटा-२ ची वाट सेकंदाला ३ गिगाबिटची. त्यात दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागतात, म्हणून कागदावर ३०० एमबी उरतात आणि प्रत्यक्षात २६० ते २८० मिळतात. सॅटा-३ याच्या दुप्पट, म्हणजे ६ गिगाबिट, हातात साधारण ५५०. तुमच्या ड्राइव्हला दम आहे, त्याला अरुंद वाटेवर उभं केलंय. लॅपटॉप पहिल्या पिढीचा असता तर मी इथेच थांबलो असतो, कारण त्या काळच्या इंटेल चिपसेटमध्ये (बोर्डावर या वाटा सांभाळणाऱ्या चिपमध्ये) सॅटा-२ च्या पुढे काही नाहीच. पण दुसऱ्या पिढीबरोबर २०११ मध्ये जे चिपसेट आले, त्यांत पहिली दोन पोर्ट (ड्राइव्ह जोडायच्या जागा) ६ गिगाबिटची आहेत आणि बाकीची ३ ची. म्हणजे तुमच्याच मशीनमध्ये रुंद वाट बहुतेक आहे. ड्राइव्ह तिच्यावर बसवलाय का, हे कुणी पाहिलंय?

माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

तासगावात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, निवडणूक आली की मतदारांच्या स्लिपा. लॅपटॉप २०१२ चा. तो टाकून देता येत नव्हता, कारण माझं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर त्या वेळच्या विंडोजवर बसवलेलं, त्याचा डोंगल (ते चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली) जुना, आणि सात-आठ वर्षांच्या पत्रिकांच्या फायली त्याच फॉन्टमध्ये. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे रोज दहा-बारा पत्रिका येतात. लोक गेल्या वेळच्या थोरल्या मुलीची पत्रिका घेऊन येतात आणि म्हणतात, "अशीच करा, फक्त नावं बदला." ती फाईल उघडायला चार मिनिटं लागली, तर समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय? म्हणून २४० जीबीची एसएसडी घ्यायचं ठरवलं. सांगलीत एका दुकानात ड्राइव्ह आणि बसवणं मिळून तीन हजार दिले. संध्याकाळी मशीन हातात आलं.

सुरू पटकन व्हायचं, हे खरं. पण कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी फाईल सेव्ह करताना पडदा गोठायचा. तीस सेकंद, कधी त्याहून जास्त. टेस्ट लावली तर २६८. फोन केला तर उत्तर आलं, "जुन्या मशीनला एसएसडी सपोर्ट होत नाही हो, आता नवीनच बघा." त्याच रविवारी पुण्याहून दादा आला होता. तो आयटीत आहे. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "मी पन्नास हजार देतो, हे डबडं भंगारात घाल." दादाने पैसे प्रेमानेच देऊ केले होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण 'भंगारात घाल' हे शब्द आमच्या घरात पूर्वीही एकदा बोलले गेलेत.

आमच्या आण्णांचं ट्रेडल होतं. खिळे जुळवून छापायचं मशीन. त्यावर आम्ही दोघे शिकलो, दादाची कॉलेजची फी त्यातूनच गेली. २००३ च्या सुमाराला छपाई एका बाजूला फिकी यायला लागली. आण्णा थकले होते. दादा म्हणाला, ऑफसेटच्या जमान्यात याला कोण विचारतो, आणि ट्रेडल किलोच्या भावाने गेलं. दोन वर्षांनी आण्णांचे जुने जुळारी घरी आले. ते म्हणाले, "अहो, रोलर एका अंगाला झिजला होता. ओतून आणला असता तर झालं असतं." आजही पावतीपुस्तकांना नंबर घालायला ते मशीन मला रोज लागलं असतं. फिकं का येतंय हे बघायला कुणी खाली वाकलंच नाही. मीही नाही, आणि मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो.

म्हणून त्या रविवारी दादासमोरच लॅपटॉप उघडायला घेतला.

उघडायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावलं. तुम्हीही पहिलं काम हेच करा. त्यात 'ट्रान्सफर मोड' अशी एक ओळ असते आणि तिच्यात दोन आकडे असतात. डावीकडचा म्हणजे आत्ता मिळणारी वाट, उजवीकडचा म्हणजे ड्राइव्हची ताकद. माझ्याकडे 'सॅटा/३०० | सॅटा/६००' असं होतं. बॅटरी काढली, मागचं झाकण खोललं, आणि मुख्य जागेत काय दिसावं? जुनी हार्डडिस्क! नवी एसएसडी डीव्हीडी काढून तिथे कॅडीत, म्हणजे ड्राइव्ह बसवायच्या चौकटीत, सरकवलेली. डीव्हीडीच्या जागेला एक स्क्रू असतो, मुख्य जागेला सहा. एवढ्याच कारणाने तिला मागच्या दाराने बसवलं होतं. बहुतेक लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचं पोर्ट ३ गिगाबिटचंच असतं, कारण डीव्हीडीला त्याहून जास्त लागतच नाही. तुमच्याकडेही कॅडी असेल तर तुमच्या २६५ चा उलगडा इथेच झाला. (थिंकपॅड एक्स२२० किंवा टी४२० असेल आणि आतल्या छोट्या एमसॅटाच्या जागेत ड्राइव्ह लावला असेल, तर तीही वाट ३ गिगाबिटचीच आहे.)

मी अदलाबदल केली. एसएसडी मुख्य जागेत, हार्डडिस्क कॅडीत. मशीन सुरू केलं, टेस्ट लावली, आणि आकडा आला १३०. ट्रान्सफर मोडच्या ओळीत 'सॅटा/१५०'. दादा काही बोलला नाही, चहा प्यायला आत गेला.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण तुमचं मधूनच अडकणं बहुधा यातलंच आहे. त्याच सॉफ्टवेअरच्या खालच्या यादीत सी७ नावाची ओळ असते, सीआरसी एररची. ड्राइव्ह आणि बोर्ड यांच्यामध्ये डेटा वाटेतच बिघडला की तो परत पाठवावा लागतो आणि हा आकडा एकाने वाढतो. तो कधीच कमी होत नाही, म्हणून नुसता मोठा आकडा बघून घाबरायचं नाही, वाढतोय का ते बघायचं. शिवाय तो मुळात सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये दिसतो, सेटिंगमध्ये जाऊन साध्या दशांशात करून घ्या. माझ्या एसएसडीवर सकाळी तो शून्य होता. पाऊण तासात २१४ झाला. मग कॅडीतल्या जुन्या हार्डडिस्कचा पाहिला तर अठराशेच्या वर!

म्हणजे मुख्य जागेची केबल गेली होती. माझ्या फायली डी ड्राइव्हवर, तो जुन्या हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क त्याच केबलवर. एसएसडी बसवूनही सेव्ह करताना पडदा गोठायचा तो यामुळे. दोन वर्षं मीसुद्धा 'डिस्क म्हातारी झाली' म्हणत होतो. डिस्क ठणठणीत होती, आजही बॅकअपला वापरतो.

त्या लॅपटॉपमध्ये केबल म्हणजे बोटभर रुंदीची पातळ तपकिरी पट्टी. टॉर्च मारून पाहिलं तर जिथे ती झाकणाच्या कडेला काटकोनात वळते, तिथे घडीवर एक केसासारखी पांढरी रेघ. बोटाने ती जागा हलकी दाबून धरली आणि पुन्हा टेस्ट लावली, तर आकडा चारशेच्या वर गेला. बोट सोडलं की खाली. दादाला बोलावून दोनदा दाखवलं. नवी पट्टी ४५० रुपयांना आली. ती बसवली आणि ५२८ मिळाले.

आता आणखी एक गोष्ट. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज उठण्याआधीच्या सेटिंगमध्ये, सॅटाचा मोड बघा. दुकानदाराने माझा आयडीई या जुन्या मोडवर ठेवला होता. तो ओळखायची खूण सोपी आहे: क्रिस्टलडिस्कमार्क या स्पीडच्या टेस्टमध्ये ४के च्या, म्हणजे बारीक तुकड्यांच्या, दोन ओळी असतात, एक क्यू१ ची (एका वेळी एक काम) आणि एक क्यू३२ ची (एका वेळी बत्तीस). दोन्हींत जवळपास सारखाच आकडा आला तर मोड आयडीई असण्याची दाट शक्यता, कारण त्या मोडमध्ये ड्राइव्हला एका वेळी एकच काम सांगता येतं. एएचसीआय या नव्या मोडवर आणलं की क्यू३२ ची ओळ कित्येक पटींनी उडते. पण थेट बायोसमध्ये जाऊन बदलू नका, निळा पडदा येईल आणि विंडोज उठणार नाही. विंडोज १० असेल तर एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबवर 'सेफ बूट'ची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या, मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. विंडोज ७ ला ही युक्ती चालत नाही, तिथे आधी रजिस्ट्रीत एएचसीआयचा ड्रायव्हर चालू करावा लागतो.

ड्राइव्ह कडेपर्यंत भरला असेल तर पंधरा-वीस टक्के रिकामा करा. स्वस्त एसएसडीत मोठी कॉपी सुरुवातीला वेगात जाते आणि थोड्या जीबींनंतर बसते, तो त्या ड्राइव्हचा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत करून दिली असेल तर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पार्टिशनचा ऑफसेट, म्हणजे ते ड्राइव्हवर कुठून सुरू होतं तो आकडा, बघा. तिथे ३२,२५६ दिसला तर ते एक्सपीच्या काळचं पार्टिशन आहे आणि एसएसडीच्या आतल्या पानांशी त्याचा मेळ बसत नाही. १०,४८,५७६ असेल तर ठीक.

खरं सांगायचं तर २६५ आणि ५३० मधला फरक तुम्हाला रोजच्या कामात फारसा जाणवणारही नाही. विंडोज उठणं, प्रोग्रॅम उघडणं ही सगळी बारीक-बारीक तुकडे वाचायची कामं आहेत. ४के क्यू१ च्या ओळीत साधी हार्डडिस्क १ एमबीच्या आत-बाहेर असते आणि साधी एसएसडी २० ते ३०. 'मशीन पळायला लागलं' असं आपण म्हणतो ते या फरकामुळे, आणि तो तुम्हाला आत्ताही मिळतोय. त्यामुळे निम्मा स्पीड आणि मधूनच अडकणं ही दोन वेगळी दुखणी समजा. स्पीडचं नंतर पाहता येईल. अडकण्याचं आज बघा, कारण केबल खराब असताना लिहिलेली फाईल अर्धवट राहू शकते.

हेही सांगायला हवं की काही मॉडेलमध्ये कंपनीने मुख्य जागाही ३ गिगाबिटलाच बांधून ठेवलेली असते. अदलाबदल करूनही 'सॅटा/३००' च दिसलं आणि सी७ वाढत नसेल, तर तो विषय सोडा आणि निवांत वापरा. काही एसएसडी सी७ दाखवतच नाहीत, मग जुन्या डिस्कवर बघा. काहीही उघडण्याआधी बॅकअप घ्या, चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ते थांबवून ठेवा.

दादाने त्या रात्री पुण्याला निघताना विचारलं, "ट्रेडलचा रोलर ओतायला तेव्हा किती लागले असते रे?" मी म्हटलं, माहीत नाही, आपण विचारलंच नव्हतं. तो लॅपटॉप आजही दुकानात आहे, नेट काढून फक्त पत्रिकांसाठी.

तुम्ही एवढं करा: सी७ चा आकडा आत्ता लिहून ठेवा, तासभर काम करा, पुन्हा बघा, आणि दोन्ही आकडे इथे सांगा. वाढला असेल तर पट्टी काढून तिच्या मागे छापलेल्या नंबराचा फोटो घ्या आणि तोच नंबर सांगून मागवा. लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावर मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या पट्ट्या येतात, माझी पहिली मागवलेली त्यामुळेच परत गेली होती.